पाड्याचा नंबर

करवंदपाडा, तलासरी
१३ ऑगस्ट २०१७

निर्मलाबाय हिला,

रघ्याचा नमस्कार. नविनदाजींनाही सांग. तू बरी असशील, शेळी व्याली असेल आणि दाजींचा गुडघा पावसात कुरकुरत असेल असं धरून चालतो. मी मजेत आहे. ताप नाही, खोकला नाही, आणि नोकरी अजून आहे. हे शेवटचं वाचून तू कागद उलटा करून बघशील, पत्र खरंच माझंच आहे का म्हणून. माझंच आहे.

झाईच्या समुद्रात माझा फोन पडला तेव्हापासून मी दुसरा घेतला नाही, याचा तुला राग आहे. पण खरं सांगू का, फोनवर तू पहिल्याच वाक्याला विचारतेस, “घरी कधी येतोस?” आणि मग उत्तर मिळेपर्यंत गप्प बसतेस. पत्रात कसं, आधी शेळीचं विचारता येतं. इथला सुक्या दर आठवड्याला भाजीचा टेम्पो घेऊन तुमच्या कोसबाडवरून जातो, त्याच्याच हाती हे देतोय. त्याला चहा पाज. बिस्किटाचा पुडा मात्र समोर ठेवू नकोस, तो कागदासकट संपवतो.

मी काय काम करतो ते तुला अजून कळलेलं नाही. दाजी तर लोकांना सांगतात म्हणे, आमचा मेव्हणा टीव्ही दुरुस्त करतो. तर ऐक. वापीला ऑफिस असलेली ‘घरोघर’ नावाची एक कंपनी आहे. तिने आपल्याकडच्या गावांतली लहान लहान दुकानं एका नावाखाली घेतली. सगळ्यांना सारखी हिरवी पाटी, सारखी मांडणी, आणि गल्ल्यावर बिलाची मशीन. मालाच्या पट्टीवर लाल दिवा धरला की बिल निघतं. साबण संपत आला की दुकानदाराच्या आधी मशीनच वापीच्या गोडाऊनला कळवते. मी गावोगाव फिरून या मशिनी लावतो, वापरायला शिकवतो आणि बिघडल्या की बंद करून परत चालू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यानेच चालतात, पण हे कंपनीला सांगू नये.

हे काम माझ्यासाठीच काढलंय बघ. आज आशागड, उद्या वाणगाव, परवा उधवा. फुग्यांच्या कारखान्यात मी का टिकलो नाही? दिवसभर एका जागी उभं राहायचं म्हणून. फुगे मात्र झकास व्हायचे. लाल रंगाचे सुकायला लावले की वाटायचं मिरच्याच वाळत घातल्यात. एकदा एक बाई खरंच… जाऊ दे, ते परत कधी.

सध्या करवंदपाड्याला आहे. इथलं दुकान हिरू नावाच्या माणसाच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. ते चालवते त्याची मुलगी हर्षदा. तलासरीला बारावी झालेली. आधी वापीच्या कंपनीत कामाला जायची, पहाटे जीपमध्ये कोंबून. दुकान मिळालं तशी ते सोडून घरी आली. जरा फटकळ आहे. तिच्याबद्दल अजून लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते नंबराचं. मशीनला गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर लागतो, त्याशिवाय ती बिल सोडत नाही. पहिल्या दिवशी आधी मीच खोटंखोटं गिऱ्हाईक होऊन सगळ्यांना करून दाखवलं. मग पुढे आली रखमीआत्या, म्हणजे हिरूची थोरली बहीण. पाड्यात तिच्या पुढे कोणी जात नाही, दुकानातही नाही आणि भांडणातही नाही.

हर्षदा म्हणाली, “आते, नंबर सांग.”

“माना कशाला नंबर? मी कोणाला बोलवू?”

“मशीनला पायजे.”

तिचा नातू दीपेश वापीला कामाला आहे. त्याचा फोन सगळ्या पाड्याचाच. आत्याने त्याचा नंबर घडाघडा म्हटला, नाव आपलं लावलं आणि मीठ घेऊन गेली. मागे होती लाडकी. तिने विचारलं, “आता माझा कोणता?” आणि मी शहाणा तिथेच उभा होतो. मी म्हणालो, “कोणाचाही चालेल गं.”

बाय, हे वाक्य मी गिळायला हवं होतं. लाडकी म्हणाली, “मग आतेचाच लाव.” तिच्या मागचीही म्हणाली, आतेचाच लाव. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. भाताच्या आवणीला अख्खा पाडा एकाच्या शेतात उतरतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. लग्नाचा मांडव एकाचा नसतो. मग नंबर तेवढा एकेकाचा कशाला? दोन दिवसांत तो सगळ्यांना तोंडपाठ झाला. बायका लाकडं आणताना तो चालीवर म्हणतात.

परिणाम असा, की मशीनच्या मते रखमीआत्या ही डहाणू-तलासरीतली सगळ्यात श्रीमंत बाई. तेल तीच घेते, विड्या तीच ओढते, दाढीचं ब्लेड तिलाच लागतं, आणि तान्ह्या पोराचा साबणही तीच नेते. दीपेशच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला, “प्रिय रखमी, घरी आलेल्या बाळासाठी अभिनंदन.” दीपेशने तो सगळ्यांसमोर वाचला. आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, “बापाला आधी कळवा.”

हसू नकोस, पुढे वाईट आहे. आमचे साहेब मनिषभाई वापीहून आले. माणूस चांगला, पण टॅबमध्ये दिसतं तेच त्यांना खरं. ते म्हणाले, “जो रघ्या, माल खपे छे, बराबर. पण गिऱ्हाईक किती? एक! एका बाईसाठी कंपनी दुकान नाय चालवणार.” मी सगळं समजावलं. ते म्हणाले, “तू सांगतो ते वर पोचत नाय, मशीन सांगते ते पोचते. दसऱ्याआधी वेगळी वेगळी माणसं दाखव. नायतर बंद.”

दुकान बंद झालं, तर मशीन उचकटून न्यायचं काम कोणाचं? माझंच. आणि हर्षदा परत पहाटेच्या जीपमध्ये. तिने ऐकलं सगळं. एकच डबा पुसत बसली. मी म्हणालो, “पुसून झालाय तो.” तर म्हणाली, “तुला कोणी विचारलं?”

तू सुक्याकडून विचारलंस की तुम्ही पडवीला जोडून खोली काढताय, त्यात मोरी आत हवी की बाहेर. मला काय कळतं मोरीतलं. दाजींना विचार.

तुझा भटक्या भाऊ
रघ्या
मुक्काम: हिरूकाकांची ओटी, सध्यापुरता



करवंदपाडा
१० सप्टेंबर २०१७

निर्मलाबाय,

नमस्कार. तुझं पत्र आणि चिकूंची पिशवी मिळाली. सुक्याने वाटेत पिशवी हलकी केली होती, पण पोचली. शेळीला दोन झाली वाचून बरं वाटलं. पांढरीचं नाव मीच ठेवणार, थांब.

तू लिहिलंस, “बांगड्या फुटल्या नाहीत ना?” कुठल्या बांगड्या? मला काही उमगलं नाही. दुसऱ्या कोणाला लिहायचं ते माझ्या पत्रात आलं असेल.

आता इथली गंमत. सगळ्यांना वेगळा नंबर हवा, तर सिम पाहिजे. मला वाटलं इथेच घोडं अडणार. पण मागे तलासरी नाक्यावर छत्र्या लावून फुकट सिम वाटत होते, तेव्हा बाजाराला गेलेल्या सगळ्यांनी अंगठा लावून एकेक आणलं होतं! फोन नाही आणि सिम आहे. कोणाचं तंबाखूच्या डबीत, कोणाचं देवाच्या कोनाड्यात, एकीचं तर झोपडीच्या कुडात खोचलेलं. फुकट मिळतं ते कधीतरी लागतं, असा हिशेब.

दुसरी अडचण मोठी. सुरुवातीला मशीन सांगितला तो नंबर घ्यायची, पण आता कंपनीने नियम केलाय: नवा नंबर मशीनमध्ये घालायचा तर त्या नंबरावर एक आकडा येतो, ओटीपी म्हणतात. तो लगेच मशीनवर टाकावा लागतो, नाहीतर शिळा होतो. दुकानाच्या छपरावर कंपनीची डिश आहे, पण तिचं नेट फक्त मशीनपुरतं. फोनला रेंज मिळते ती मागच्या टेकडीवर, वडाच्या पलीकडे. फोन वर, मशीन खाली. मशीन वर नेली की तिचं नेट जातं. मी पहिल्या दिवशी आकडा पाठ करत पळत खाली आलो. पोचलो तेव्हा आकडा शिळा झाला होता आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता.

हर्षदा दारात उभी होती. म्हणाली, “तुला पाय दिलेत तसा गळाही दिलाय ना देवाने?”

तिचंच डोकं. इथे शेतावर पाखरं हाकायला, डोंगरातून गुरं बोलवायला माणसं हाळी देतात. एकाची हाळी दुसरा उचलतो, दुसऱ्याची तिसरा. तसंच करायचं ठरलं. रविवारी दीपेश घरी असतो, म्हणून रविवार धरला. टेकडीवर दीपेश. त्याच्याजवळ पळसाच्या पानाच्या द्रोणात सगळी सिमं. एक घालायचं, आकडा आला की ओरडायचं, काढायचं, दुसरं घालायचं. मधल्या खडकावर लाडकी. खाली आंब्याशी रखमीआत्या. गल्ल्यावर हर्षदा. आणि मी? मला म्हणाली, तू गप्प राहायचं काम कर.

पहिलाच आकडा चुकला. वरून दीपेश ओरडला, “चाऽऽर!” लाडकीने उचललं, “चाऽऽर! अन् सुक्याची बायको आली का गं बाजारातून?” आत्याने तेही जसंच्या तसं खाली पाठवलं. वर आपल्या पदरचं घातलं, “आली! दोन कोंबड्या घेऊन!” हर्षदाने दोन दाबला.

“आते, नुसता आकडा!”

“कोंबड्या मोजून नको का सांगू?”

मग जमलं. बाय, तू हवी होतीस. पाड्यातला जो तो आपलं नाव मशीनमध्ये गेलं की टाळ्या पिटत होता. ज्यांचं झालं तेही घरी जाईनात, खडकाच्या खाली आणखी एक जण हाळी द्यायला उभा राहिला, गरज नसताना. दुपारी कोणीतरी भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी वर पोचवली. दीपेशने त्या हातानेच फोन धरला आणि ‘सात’चं ‘हाऽऽत’ झालं, तोंडात घास होता ना. शेजारच्या पाड्यातली माणसं बघायला आली, कसली जत्रा भरलीय म्हणून. त्यांचीही सिमं होती. ती पण घेतली.

सगळं एका रविवारी झालं नाही. पाऊस आला की आकडा विरतो. आज पुन्हा बसलो होतो, अजून थोडे उरलेत.

काल मनिषभाईंचा निरोप आला. करवंदपाड्याचं काही असो, दसऱ्यानंतर मला धरमपूरकडे पाठवायचं म्हणतात. तिकडे नवीन दुकानं आहेत, नवीन रस्ते. पूर्वी असतं तर मी आज रात्रीच पिशवी भरली असती. तुला माहितीच आहे. हर्षदाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “जा की. तुला काय, आज इथं उद्या तिथं.” आणि साखरेच्या जागी मिठाचा पुडा मशीनवर धरला. ती कधी चुकत नाही.

पिशवी भरायला घेतली होती मी. मग पाहिलं तर माझा सदरा दोरीवर ओला होता, म्हणून राहिलो.

खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी ते तू पुन्हा विचारलंयस. बघू.

रघ्या
मुक्काम: हिरूकाकांची ओटी, सदरा वाळेपर्यंत



करवंदपाडा
१८ ऑक्टोबर २०१७

बाय,

हे पत्र मी झाडाखाली बसून लिहितोय. दुकानात बसलो तर मागून वाचतील.

आधी दुकानाचं. मनिषभाई दसऱ्याच्या आधी आले. बरोबर एक खोका. भागातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणून मशीनने आधीच रखमीआत्याला निवडलं होतं, ते बक्षीस. त्यांनी आत्याला पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं. “आ बाई छे?” मी म्हणालो, “हीच.” मग ते गल्ल्याशी खुर्ची टाकून बसले. एकेक जण आला आणि ज्याने त्याने आपापला नंबर सांगितला. काहींनी हाळी देऊन सांगितला, सवय लागली होती. मनिषभाई टॅबवर नावं वर सरकवत राहिले, सरकवत राहिले, शेवटी हसायला लागले. म्हणाले, “रघ्या, एका बाईतून तू गाव काढला!” दुकान राहिलं. तसा कागद आता भिंतीला लावलाय.

खोक्यात मिक्सर निघाला. आत्याच्या घरी वीज अशी, की मिक्सर लावला तर दिवा जातो. तिने तो दुकानात ठेवला. आता सगळा पाडा तिथे चटणी वाटून नेतो आणि बिलाच्या कागदालाही लसणाचा वास येतो.

पण आत्या रुसली. सगळ्यांचे नंबर वेगळे झाल्यावर तिचे मेसेज बंद झाले. दीपेशला विचारायची, “माना कोणी काय लिवला का?” नाही म्हटलं की पाठ फिरवायची. परवा दिवाळीच्या वाघबारशीची खरेदी होती. लाडकी पहिली उभी होती. हर्षदाने नंबर विचारला, तर तिने आत्याचा सांगितला. मागच्यांनीही आत्याचाच. हर्षदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “एक दिवस चालेल.” संध्याकाळी मेसेज आला, “प्रिय रखमी, तुमच्यासारखं कोणी नाही!” आत्याने तो तीनतीनदा वाचून घेतला.

आता माझं. तुझं मागचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. पहिल्या दिवशी खोटंखोटं गिऱ्हाईक होताना मला नंबर हवा होता. माझा तर समुद्रात. म्हणून मी तुझा घातला. नोकरीच्या कागदावर तुझा, बँकेत तुझा, सगळीकडे वर्षानुवर्षं तुझाच घालतो, तसाच. आणि पाड्याला हसत बसलो! म्हणजे मी जे जे घेतलं ते मशीन तुला कळवत होती. आधी दाढीचं ब्लेड. ते वाचून तू खूश झालीस म्हणे. मग कंगवा. मग वासाचं तेल. मग हिरव्या बांगड्या. मग केसांच्या क्लिपा. तुझं वाक्य मला पाठ झालंय: “रघ्या, यातलं एकही माझ्या घरी आलं नाही, आणि बांगड्या तू घालत नसशील असं मी समजते. नाव काय तिचं?”

नाव तुला माहीत आहे. पहिल्या पत्रात तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही म्हणालो, तेव्हाच तू ओळखलं असशील.

बांगड्या मी तिच्याचकडून विकत घेतल्या. तिने लाल दिवा धरत विचारलं, “कोणाला?”

“बहिणीला.”

“माप काय?”

“तुझ्याएवढंच असेल.”

“मग घालून बघते,” म्हणाली, घातल्या, आणि बिल माझ्या हातात दिलं. परत काढल्याच नाहीत.

धरमपूरला मी नाही म्हटलं. मनिषभाईंनी डहाणू-तलासरीचीच दुकानं माझ्याकडे ठेवली. फिरणं आहेच, पण रात्री परत इथे. हिरूकाकांना एकच मुलगी. ती गेली तर दुकान कोण बघेल आणि शेत कोण? त्यांनी मला थेट विचारलं, “घरजावई राहशील का?” इथे त्यात लाज नाही. पुष्कळ जण राहतात, सासऱ्याच्या शेतात राबतात. रखमीआत्या मधेच बोलली, “इचारतो काय? मशीन लावाया आला, अन् सोताच बसला. आता उठवून दाखव!” मी हो म्हटलं. लग्न उन्हाळ्यात, लग्न लावणाऱ्या धवलेरीला सांगून ठेवलंय.

बाय, माझ्यासाठी काढलेली ती खोली. सुक्याने मला सांगितलं की दाजींनी दुखऱ्या गुडघ्याने स्वतः विटा चढवल्या आणि खिडकी आंब्याच्या बाजूला काढली, कारण लहानपणी मी तिकडे तोंड करून झोपायचो. तू पुन्हा पुन्हा विचारलंस, खिडकी कुठे, मोरी कुठे, आणि मी दर वेळी शेळीचं लिहून टाळलं. मी तिथे राहायला येणार नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला आवणीपासून दिवाळीपर्यंत वेळ लागला. घरातून मी पुष्कळदा निघालो, पण तेव्हा तुला माहीत असायचं की हा परत येईल. आता मी पळून गेलेलो नाही. म्हणूनच सांगायला जड गेलं.

खोलीत शेळ्या बांधू नकोस मात्र. आम्ही दोघं येऊ तेव्हा लागेल. पहिली वेळ या शनिवारीच, भाऊबीजेला. ती ओवाळणीत तुला बांगड्या आणतेय. या वेळी खरंच तुझ्या मापाच्या. पण माप तिला माहीत नाही, म्हणून तिने आत्याचं घेतलंय. घट्ट झाल्या तर बोलू नकोस. आणि पांढरीचं नाव मी ‘ओटीपी’ ठेवलंय. हाक मारून बघ, लगेच आली तर आली.

काल दुकानात साबण घेतला. हर्षदाने विचारलं, “नंबर?” मी सवयीने तुझा सांगितला. तिने मशीन बाजूला ठेवली. “हा बायचा. तुझा सांग.” मी म्हणालो, माझा नाही. तर गल्ल्याखालून सिम काढून पुढे केलं, आणि दीपेशचा जुना फोन. मग मी टेकडीवर गेलो, दीपेशच्या जागी उभा राहिलो आणि माझा आकडा मीच ओरडलो. लाडकीने उचलला, आत्याने उचलला, खाली पोचला, एकदाच, बरोबर. पत्राच्या मागे नंबर लिहिलाय. या पत्रातला तेवढाच भाग सुक्याला वाचून दाखव.

आता मी काय घेतो ते मशीन तुला सांगणार नाही. ते मलाच लिहावं लागेल. कालचं लिहितो: एक साबण, एक कुलूप, आणि दारासमोर लावायला झेंडूचं बी.

तुझाच
रघुनाथ
राहणार करवंदपाडा